काकणांखालची कातडी

"हा सोरायसिस आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. रोग कशाने झाला, बरा होईल का, यातलं काहीच न विचारता मी पहिलं विचारलं, "दुसऱ्याला लागतो काय?"

"नाही. हात लावून नाही, एका ताटात जेवून नाही, कशानेच नाही," त्या म्हणाल्या. आणि तसं म्हणता म्हणताच, हातमोजा न घालता, त्यांनी माझ्या कोपरावरून अंगठा फिरवला. पांढरे पापुद्रे त्यांच्या टेबलावर पडले. मी पटकन हात पदराखाली ओढून घेतले. त्या वेळी मला ती सवयच लागली होती.

मी आधी तोच प्रश्न का विचारला ते सांगते. मी भिवंडीजवळच्या कोन गावची धवलारीण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्या आगरी लग्नात धवला, म्हणजे विधींची गाणी, गात गात सगळे विधी करणारी जी बाई असते ती धवलारीण. पोथी नाही की कागद नाही, सगळं तोंडपाठ. नवरा-नवरीला पहिली हळद तिच्या हातची लागते. एकदा धवला सुरू झाला की मांडवात मधे कुणी बोलत नाही, मग तो नवरदेवाचा बाप का असेना. मी हे माझ्या आतेसासूकडून, हिराआत्याकडून शिकले. तिचा आवाज थकला तेव्हा गावातल्या बायकांनी तिच्या जागी मला बसवलं. मला त्याचा गर्व आहे. नाही म्हटलं तर मी खोटारडी ठरेन.

आणि त्याच हातांवर हे चट्टे आले होते.

सुरुवात कोपरापासून झाली. लाल डाग, त्यावर पांढरी खपली, खाज. मला वाटलं, धुण्याच्या साबणाचा दोष. साबण बदलला. मग गुडघ्यांवर आलं, डोक्यात आलं, आणि बघता बघता कोपरापासून मनगटापर्यंत दोन्ही हात भरले. कोकमतेल झालं, कडुनिंबाचं पाणी झालं, शहापूरकडच्या एका वैदूचा काळा लेप झाला. त्या लेपाने चादरी तेवढ्या खराब झाल्या.

आमची दोन घरं एका अंगणात. समोरच्या घरात माझा धाकटा दीर आणि जाऊ लता. त्यांच्या मनीषाचं लग्न ठरलं, वैशाखातली तारीख निघाली. या पोरीला मी अंगाखांद्यावर खेळवलेलं. सुपारी फुटली त्या दिवशी लता माझ्याजवळ येऊन बसली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "ताई, धवला तूच गा. हलद तेवढी दुसरी कोनी लावंल."

मी म्हटलं, "धवला एकीचा नि हळद दुसरीची, असं कधी झालंय काय आपल्यात?"

ती म्हणाली, "पोरीच्या अंगाला काय लागलं तर? मी आई हाय तिची."

मी तिच्याशी भांडले नाही, आणि ज्यांनी मला भांडताना ऐकलंय त्यांना यावरूनच कळेल मला किती लागलं होतं. हळद लावायची नसेल तर मी त्या मांडवात पाहुण्यासारखी जाणार नव्हते. आणि घरच्या पोरीच्या लग्नात न जाणं म्हणजे अंगणात कायमची भिंत. म्हणून मी भिवंडीत कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. सोरायसिस लागत नाही हे ऐकून मी घरी येऊन लताला सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टर असंच बोलतान." मग माझ्याकडे एकच उपाय उरला, हात साफ करून दाखवणं.

मॅडमनी आधी बायॉप्सी केली. म्हणजे कातडीचा मसुराएवढा तुकडा काढून तपासणं. नाव ऐकून घाबरू नका, सुई टोचते तेवढंच दुखतं. रिपोर्ट आला, त्यात त्यांचं म्हणणं पक्कं झालं.

मॅडम भिवंडीच्याच, लूमवाल्यांच्या, म्हणजे यंत्रमागवाल्यांच्या घरातल्या. निम्मं मराठी, निम्मं हिंदी बोलायच्या. त्यांनी मला रोग असा समजावला: आपल्या कातडीत पहारेकरी असतात. वरच्या थरातल्यांना लँगरहॅन्स सेल म्हणतात, ते बाहेरून कोण आलं ते बघतात आणि आत कळवतात. आत टी-सेल असतात, ते मारामारी करतात. "आपके केस में," मॅडम म्हणाल्या, "चोर कोणी आलेलाच नाही, तरी हे सगळे उठून मारामारी करत सुटलेत. त्या गडबडीत कातडी घाबरून भराभर नवी बनते. महिन्याचं काम आठवड्याच्या आत. म्हणून खपल्या."

मी म्हटलं, "म्हणजे वेशीवरची कुत्री पिसाळली नि घरच्यांनाच चावायला लागली."

"बस, वही," त्या म्हणाल्या. पुढे दुसऱ्या पेशंटलाही त्या हेच सांगताना मी ऐकलं. माझी कुत्री त्यांनी घेतली ती घेतलीच.

उपाय होता उजेडाचा. नॅरोबँड यूव्हीबी फोटोथेरपी. यूव्ही म्हणजे अल्ट्राव्हायोलेट, उन्हातली डोळ्यांना न दिसणारी किरणं. त्यातली एक ठरावीक पट्टी तेवढी मशीनमधून सोडतात. मॅडम म्हणाल्या, ही किरणं कातडीत फार खोल जात नाहीत, पण जिथवर जातात तिथले पहारेकरी सुस्तावतात, आणि पिसाळलेले टी-सेल तर मरून जातात. मारामारी थांबली की कातडीही शांत होते.

मी म्हटलं, मग रोज गच्चीवर उन्हात बसते, फुकटात होईल. त्या रागावल्या. उन्हात बाकीचीही किरणं असतात, आणि किती लागली याला माप नाही. जास्त झाली तर कातडी भाजते, आणि पहारेकरी इतके सुस्तावतात की खरा चोर आला तरी उठत नाहीत. वर्षानुवर्षं अति झालं तर कॅन्सरचंही भय. म्हणून माप डॉक्टरांच्या हातात. हे मी तुम्हालाही बजावून सांगते, कारण आपल्याकडे गच्ची प्रत्येकाला असते.

मशीन म्हणजे उभं कपाट. आत चारी बाजूंनी लांब नळ्या. डोळ्यांवर काळा चष्मा लावून आत उभं राहायचं. सुरुवातीला मी चष्मा लावून डोळे मिटेस्तोवरच ते बंद झालं. मी बाहेर येऊन सिस्टरला म्हटलं, "झालं? एवढ्यासाठी मी कोनहून आले?" मग दर खेपेला वेळ थोडा थोडा वाढवत गेले. आठवड्यातून तीनदा जायचं. आमचे हे राहनाळला गोडाऊनवर सुपरवायझर. ड्युटीला जाता जाता मला स्कूटरवरून सोडायचे, आणि सुट्टी असली की थांबायचेही.

खरा वेळ जायचा तो बाकड्यावर. त्या वर्षांत भिवंडीत लोडशेडिंग एवढं की विचारू नका. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत लूम होते. त्यांचा खडखडाट एकदम थांबला की आम्ही एकमेकींकडे बघायचो, गेली लाइट. जनरेटरवर पंखे चालायचे, मशीन चालायचं नाही. मग लूम परत सुरू होईपर्यंत बसा. माझ्या शेजारी एक शिक्षिका असायची, कोड आलेली. तिलाही हेच मशीन. तिच्या कातडीतले पहारेकरी रंगाच्या पेशींवर उठले होते. एकदा लाइट आलीच नाही तेव्हा तिने मला विचारलं, तुम्ही काय करता. मी सांगितलं नाही, गाऊनच दाखवलं. सगळं बाकडं गप्प झालं, आतून मॅडमही दारात येऊन उभ्या राहिल्या. हात पदराखाली होते, पण आवाजाला खपल्या नव्हत्या.

आता माझी चूक सांगते. पहिल्याच दिवशी सिस्टर म्हणाली होती, "मावशी, सगळे दागिने काढा." मी सगळे काढले. कुड्या काढल्या, मंगळसूत्र काढून ह्यांच्या हातात दिलं. त्यांचंच आहे, सांभाळतील. काकणं मात्र तशीच ठेवली. काकणं म्हणजे हिरव्या काचेच्या बांगड्या, दोन्ही हातांत डझन डझन, मनगटाला घट्ट बसलेल्या. ती काढायची असतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. काकणं काय दागिना असतो? ती हाताचाच भाग. नाक काढून ठेवा म्हटलं असतं तरी मला तेवढंच नवल वाटलं असतं. सिस्टर नवी होती, आणि मी कपडे काढून लाजत, अंग चोरून, हात मांड्यांशी चिकटवून आत शिरायचे. तिला दिसलंच नाही.

गुण आला. आधी खाज गेली. मग गुडघे साफ झाले, पाठ साफ झाली, कोपर साफ झाले. ज्या दिवशी कोपरावर बोट फिरवलं आणि ते गुळगुळीत लागलं, त्या दिवशी मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. मनगटं मात्र तशीच होती. काकणं वर सरकवली की खाली लाल पट्टा, जाड खपलीचा. मला वाटलं, होईल हळूहळू. होळी आली, गेली. मनगटं तशीच.

एकदा मॅडमनी स्वतः तपासलं. "पूरा साफ आहे, मग इथेच का?" असं म्हणत त्यांनी माझा हात उजेडात धरला. मग पेनाचं टोक काकणांवर वाजवलं.

"ही मशीनमध्ये पण हातात असतात?"

मी म्हटलं, "मग? कुठं जाणार?"

त्या खुर्चीला टेकून हसल्या. मग मला नीट समजावलं. काचेतून आपल्याला आरपार दिसतं, पण ही किरणं तिच्यातून जात नाहीत, काच त्यांना अडवते. हे औषध गोळीसारखं पोटात जाऊन अंगभर पसरत नाही. जिथे किरण पोचला तिथलेच पहारेकरी झोपले. काकणांखालच्यांना काही पत्ताच नाही, ते अजून मारामारी करतायत. "तुमच्या हातावर पुस्तकातलं चित्र निघालंय," त्या म्हणाल्या, आणि सिस्टरला बोलावून ते दाखवलं. बोलणी सिस्टरने खाल्ली, चूक अर्धी माझी होती.

"काढून टाका," मॅडम म्हणाल्या. "लग्नाच्या आत मनगटंही साफ होतील."

त्या सहज बोलल्या. पण ज्या बायका वाचतायत त्यांना माझी अडचण समजेल. आमच्यात काकण फुटलं असं बोलत नाहीत, वाढलं म्हणतात. एक वाढलं तर दुसरं घालेपर्यंत हातात निदान एक तरी ठेवतात. दोन्ही हात रिकामे कधी होतात ते सांगायला नको. आणि मी तर धवलारीण, सवाशिणींच्या पुढे बसणारी. काढावीत तर अपशकुन, न काढावीत तर मनगटं तशीच, आणि हळद दुसरीच्या हातात. तशीच घरी आले.

हिराआत्या ओटीवर सुकट निवडत बसली होती. आमचे हे शेजारी चहा पीत होते. मी कसंबसं सगळं सांगितलं. हिराआत्याने सुपातली मान वर केली नाही.

"तारे, तुझ्या लग्नात तुना हलद कोनी लावली?"

"तुम्ही, आत्या."

"तवा माझ्या हातान काकनां होती?"

नव्हती. हिराआत्या ऐन तरुणपणी विधवा झालेली. आमच्या गावाने धवलारिणीच्या हातात काकणं आहेत की नाहीत ते कधी बघितलं नाही, तिचा धवला बघितला. कोन गावातल्या दोन पिढ्यांना त्या रिकाम्या हातांनी हळद लागली होती. मला हे माहीत होतं, आणि तरी त्या दिवसापर्यंत ते मला कधी दिसलं नव्हतं.

"मंग तुझा संसार बुडाला काय?" ती म्हणाली. "तुझा दादला तं जिता हाय ना?"

"मी हाय की, इथंच हाय," हे बशीतून तोंड वर काढून म्हणाले.

"मंग काढ. काकनां हातान असतान, कपाळान नसतान."

साबणाचं पाणी लावून मी एकेक उतरवलं. दोन वाढली, बाकीची फडक्यात बांधून देवाजवळ ठेवली. ह्यांनी हळदीत भिजवलेला दोरा माझ्या मनगटाला बांधला, बाळंतिणीला दवाखान्यात बांधतात तसा. मग म्हणाले, "पन दोऱ्याखाली पट्टा ऱ्हायला तर?" त्यावर उपायही त्यांनीच काढला. दर खेपेला दोरा सोडून दुसऱ्या जागी बांधायचा. रोगाचं शास्त्र मॅडमनंतर आमच्या घरात ह्यांनाच कळलं, असं ते अजून सगळ्यांना सांगतात.

गावात मात्र गंमत झाली. कामतघरला राहणारी माझी एक चुलतबहीण बाजारात लांबून माझे रिकामे हात बघून गेली. दुसऱ्या दिवशी ती रडवेली होऊन दारात हजर, "आगो बाय, हे कवा झालं?" आणि दारातच आमचे हे दाढी करत बसलेले. त्यांनी तिला विचारलं, "काय झालं?" ती दारातूनच परत फिरली.

मनगटं साफ व्हायला लागली. आधी खपली पातळ झाली, मग लाली उतरली, मग नुसता सावळा डाग राहिला. वैशाखात, हळदीच्या दिवशी, लताने माझे दोन्ही हात स्वतःच्या हातात घेऊन उलटेपालटे करून बघितले. ती म्हणाली, "झाला साफ. ताई, हलद तूच लाव." फार दिवस ज्या शब्दांची वाट बघितली ते आले. पुढे ती म्हणाली, "आजच्या दिसापुरती काकनां तेवढी घाल. मांडवान रिकामं हात बरं न्हाय दिसत."

माझे मशीनमधले शेवटचे काही शेक बाकी होते. पण एका दिवसाने काही बिघडलं नसतं, मॅडमही नको म्हणाल्या नसत्या. मी फडकं सोडलं, काकणं हातात घेतली. ओटीवरून मांडव दिसत होता. पाट मांडलेला, बायका गोळा झालेल्या. आणि मागे, पाण्याच्या पिंपांजवळ, लताची आई उभी होती. येसूमावशी. नवरा जाऊन तिला बरीच वर्षं झाली. नातीच्या लग्नासाठी आठवडाभर आधी येऊन तिने मसाले कुटले होते, तांदूळ निवडले होते. आता हळदीच्या वेळी ती आपणहून मागे जाऊन उभी राहिली होती. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं, सांगायला लागतच नाही. तिचे दोन्ही हात पदराखाली होते.

ते हात बघितले आणि मला माझेच दिसले. मी हात लपवायचे ते खपल्यांसाठी. तिच्या हातांना तर काहीच झालं नव्हतं.

मी काकणं परत फडक्यात बांधली. पाटाजवळ जाऊन बसले, शेजारी हिराआत्याला बसवलं, आणि धवला सुरू केला. आवाज असा लागला की मलाच नवल वाटलं. बायकांनी माझ्या हातांकडे बघितलं, एकमेकींकडे बघितलं, पण धवला सुरू होता, बोलणार कोण? मी मनीषाच्या पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना, कपाळाला हळद लावली. पोरीने माझा हात गालाशी दाबून धरला. अशी गर्वाची घटका माझ्या आयुष्यात दुसरी नाही.

मग मी थांबले. धवला मधेच थांबला की सगळा मांडव वळून बघतो.

"येसूमावशी," मी म्हटलं, "पुढं या. नातीला हलद लावा."

ती जागची हलेना. मान हलवून नको नको म्हणत राहिली. लता माझ्याकडे बघत होती, आणि मला वाटलं आता ही भांडणार. भांडली असती तर मी धवला तिथेच सोडणार होते. पण लता उठली, पिंपांपर्यंत गेली, आणि आईच्या पदराखालून तिचे हात स्वतः बाहेर काढले. तसंच हाताला धरून तिला पाटापर्यंत आणलं. म्हातारीने घाईघाईने बोटं पुढे केली, आणि हळद मनीषाच्या नाकावर लागली. पोर हसली, म्हातारी रडली, आणि मी धवला पुढे नेला.

मॅडम खरं तेच सांगतात: सोरायसिस जात नाही, आटोक्यात राहतो. माझाही दोनदा परत आला. आला की मी काकणं उतरवते, ह्यांच्याकडून दोरा बांधून घेते आणि मशीनपुढे जाऊन उभी राहते. तुमच्यापैकी कुणाला झाला असेल तर घाबरू नका, लपवू नका, गच्चीवर स्वतःची डॉक्टरकी करू नका. आणि मशीनमध्ये शिरताना हातात काय आहे ते बघा. त्या मॅडमचे, त्या सिस्टरचे आणि सुपात मान घालून बसलेल्या हिराआत्याचे उपकार मी विसरणार नाही.

हिराआत्या आता नाही. तिच्या जागेवर मी आहे, हातात काकणं असोत नसोत. हळदीला बसले की आधी मी मांडवाच्या कडेने नजर फिरवते, कुणाचे हात पदराखाली आहेत ते बघते. ते बाहेर आल्याशिवाय मी धवला सुरू करत नाही.